भरून आलेला हात

सुजाता,

शाळेनं मला तुझ्यावर दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. इंग्रजीत. मी बोलले. डेडिकेटेड, पंक्च्युअल, मुलांची लाडकी मॅथ्स टीचर. सभागृह गच्च भरलं होतं, मुली रडत होत्या, आणि मी कागदावरून डोळे न उचलता वाचत होते. तू मागच्या रांगेत असतीस तर तोंडाला ओढणी लावून हसली असतीस आणि बसमध्ये म्हणाली असतीस, "काय गं पुणेकरीण, एवढी चांगली होती का मी?" त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त जे सांगायचं होतं ते त्यात नव्हतं. म्हणून हे मराठीत लिहिते आहे, आणि तुलाच.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. सकाळी आपली शाळेची बस सनदच्या थांब्यावर येते आणि ड्रायव्हर मी चढल्यावरही दार थोडा वेळ उघडंच ठेवतो. पहिले दोन दिवस तुझ्या खिडकीच्या जागेवर मी माझी बॅग ठेवली. तिसऱ्या दिवशी नवीन आलेल्या मॅडमनी विचारलं, इथे कुणी बसतं का? मला नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून मीच तिथे बसते. ईसा टाउनला शाळा येईपर्यंत दुकानांच्या अरबी-इंग्रजी पाट्या वाचत राहते. तू एवढी वर्षं त्या खिडकीतून काय बघायचीस ते मला अजून कळलेलं नाही.

मला तुझा राग येतो हेही आधी सांगून टाकते. बेसबॉल बघायला जायचं तुझ्याच डोक्यात आलं होतं. स्टाफरूममध्ये पासेस आले होते, परदेशातून दोन व्यावसायिक संघ येणार होते, स्टेडियम रिकामं दिसू नये म्हणून शाळाशाळांत वाटत होते. कुणी हात लावेना. क्रिकेटवाले सर तर नाक मुरडून म्हणाले, त्यात बघायचं काय, आणि प्री-बोर्डचे पेपर कोण तपासणार? तू उठलीस आणि दोन पास उचललेस. एक माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "गुरुवारी संध्याकाळी. नाही म्हणायचं नाही. लग्नानंतर मी कुठं गेली नाही, कुणाच्या बारशाशिवाय." मी कुरकुर केली. माझेही दहावीचे जीवशास्त्राचे गठ्ठे पडले होते. पण तुझ्यासमोर कुरकुर करण्यात काही अर्थ नसतो.

तीन आठवडे आपण दोघी नुसते पेपर तपासत होतो. तुझ्याकडे तुझे दोन वर्ग आणि बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या मॅडमचा एक. रविवारपर्यंत मार्क सिस्टिममध्ये भरायचे, त्यात रजा नाही, सबब नाही. तू डब्याच्या वेळेतही लाल पेन सोडत नव्हतीस. डाव्या हातात पेन आणि उजव्या हातानं पोळीचा घास. मी त्याची टिंगल करायचे, की देवानं तुला दोन नोकऱ्या करायलाच असं घडवलंय.

त्या डाव्या हातावरून आपलं भांडण झालं होतं, ते अजून मिटलेलं नाही. आठवीतल्या एका मुलानं मला वही डाव्या हातानं दिली आणि मी सवयीनं म्हणाले, उजव्या हातानं द्यावं बाळा. तो तुझ्या वर्गातला. त्यानं तुला सांगितलं असणार. तू तीन दिवस बसच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसलीस. चौथ्या दिवशी येऊन माझ्याशेजारी बसलीस आणि माझ्याकडे न बघता सांगितलंस, मूर्तिजापूरच्या शाळेत बाई तुझ्या डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी मारायच्या. शाळेत तू उजव्यानं लिहायचीस, घरी डाव्यानं. नोकरीच्या पहिल्या दिवशी खडू डाव्या हातात धरलास तेव्हा तुला वाटलं, आता कोण काय करणार आहे? मी म्हणाले, अगं ते मी नुसतं शिष्टाचार म्हणून म्हटलं होतं.

"शिष्टाचार," तू म्हणालीस. "आमच्या गल्लीपलीकडं एक मैत्रीण होती माझी. तिची वही परत द्यायला गेली तर तिची आजी म्हणे, उंबऱ्यावर ठेव. मी उजव्या हातानं देऊन राहिली होती, मुग्धा. त्यांना हातच नको होता."

मी म्हणाले, माझ्या मनात तसं काही नव्हतं. तू म्हणालीस, "माहीत आहे. म्हणून तर तुला सांगून राहिली. नाहीतर सांगितलंही नसतं." मग शाळा आली. त्या मुलाला मी आजवर काही बोललेले नाही. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा विषय बदलला.

तर गुरुवारी मी गाडी काढली. तुझे अहो, मिलिंदभाऊ, प्लांटवर रात्रपाळीला जाणार होते, तुझी लेक मैत्री दहावीचा अभ्यास करत होती. तू गुलाबी स्वेटर घातला होतास, वर शाल, कारण आखातातला तो शमालचा गार वारा सुटला होता. स्टेडियम फुटबॉलचंच, पण मधोमध माती आणून उंचवटा केला होता. आपल्यासारख्या साड्या-शाली फार नव्हत्या. बरेचसे अमेरिकन, फिलिपिनो कुटुंबं, पोरांच्या डोक्यावर टोप्या. तू आदल्या दिवशी मोबाइलवर सगळे नियम वाचून आली होतीस. बसल्या बसल्या पर्समधून कोऱ्या पुरवणीचा कागद काढलास आणि मैदान काढून मला शिकवायला लागलीस.

"याला डायमंड म्हणतात, पण हा चौरसच आहे. फक्त कोपऱ्यावर उभा केला. तुझ्यासारख्या बायोलॉजीवाल्यांना वाटते काही वेगळं आहे."

पहिला तासभर मला काडीचंही कळलं नाही. बहुतेक वेळ कुणीतरी फेकतो आणि कुणालातरी लागत नाही. पण फेकणारा डावखुरा निघाला आणि तू खुर्चीत पुढे सरकलीस. उंच, काटकुळा पोरगा. त्यानं डावा हात मागे नेला की समोरचे फलंदाज गोंधळून जायचे. आपल्या शेजारी एक फिलिपिनो गृहस्थ बसले होते, दोन मुलींना घेऊन. त्यांनी आपण विचारलं नसताना सांगितलं, "लेफ्टी, मॅडम. व्हेरी गुड. एव्हरी टीम वॉन्ट लेफ्टी." तू माझ्याकडे वळून असं काही बघितलंस की मला हसूच आलं.

"ऐकलं? एव्हरी टीम वॉन्ट," तू म्हणालीस. "तुझ्या हाती सापडला असता तर उजव्या हातानं फेक बाळा म्हटलं असतंस. मग बसला असता घरी."

मी हात जोडले. तू हसलीस. तुला इतकं हसताना मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं, खरं सांगते. पुरवणीवर तू त्या पोराच्या प्रत्येक फेकीची रेघ मारत होतीस, पाचाचे गठ्ठे करून. तो कागद आता माझ्याकडे आहे. तुझ्या शालीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर राहिला होता.

मग त्यांचा मॅनेजर मैदानात चालत आला. पोरगा चांगला फेकत होता, कुणी त्याला मारलंही नव्हतं, तरी मॅनेजरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हातातला चेंडू काढून घेतला आणि त्याला आत पाठवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुला ते अजिबात पटलं नाही. तू त्या गृहस्थांना विचारलंस, व्हाय? त्यांनी आपला खांदा चोळून दाखवला. "दे काउंट, मॅडम. टू मच थ्रो, आर्म गेट टायर्ड. सो, खलास."

तू पुरवणीवरच्या रेघा मोजल्यास. मग मला म्हणालीस, "बघ बाई. हात दुखायच्या आत उठवतात त्याले. अन् टाळ्या वाजवून." आणि मग लगेच, त्याच सुरात, "माझाही हात भरून आला गं. खांद्यापासून खाली. दुपारपासूनच आहे."

हेच मी सभागृहात बोलले नाही. हे मी कुणालाच बोलले नव्हते.

तू डावा हात दाबत होतीस. शालीच्या आतून, दंड, कोपर, पुन्हा दंड. मी तो हात बघितला. मी दरवर्षी दहावीच्या फळ्यावर हृदय काढते, चार कप्पे, निळी शीर, लाल धमनी. त्याखाली लिहून देते की दुखणं डाव्या हातात उतरू शकतं. मुलांकडून ते पाठ करून घेते. आणि मी तुला काय म्हणाले? मी म्हणाले, "भरणारच. तीन वर्गांचे पेपर. तू काय उजव्या हातानं तपासतेस?"

तू म्हणालीस, "तेच म्हटलं." आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागलीस.

दुसऱ्या कुणाचा हात असता, उजव्या हातानं लिहिणाऱ्या कुणाचाही, तर मी तिथल्या तिथे उठले असते. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज ते कमी खरं वाटतं. कारण परत येताना आपण करक चहासाठी गाडी थांबवली, दुकानाच्या पोऱ्यानं खिडकीतून दोन कप आत दिले, आणि तू एक घोट घेऊन कप मला परत दिलास. म्हणालीस, मळमळतंय. कपाळावर घाम होता. बाहेर शमाल होता सुजाता, मी स्वेटरची बटणं लावून बसले होते आणि तुझ्या कपाळावर घाम होता. मी म्हणाले, त्या पॉपकॉर्नचं तेल बरं नव्हतं. मग मी तुझाही चहा प्याले. आणि सनदपर्यंत मार्क भरायच्या सिस्टिमला शिव्या घातल्या. तू हूं हूं करत होतीस. उतरताना दार लावायला तुला दोनदा ओढावं लागलं. मला वाटलं, दमली आहे.

शुक्रवारी सकाळी मिलिंदभाऊंचा फोन आला. ते पाळी संपवून नुकतेच घरी आले होते. आवाज अगदी शांत. "मुग्धाताई, सुजाता उठून नाही राहिली."

इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. काल काही म्हणाली का ती, काही त्रास? मैत्री त्यांच्या शेजारी उभी होती, शाळेच्या ट्रॅकपँटमध्ये, पायात दोन वेगळ्या चपला. मी म्हणाले, "नाही भाऊ. छान होती. हसत होती."

आधीपासून ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण गेल्यावर मी ते परत घेतलं नाही. मग भाऊंनी तेच अकोल्याला फोन करून तुझ्या आईला सांगितलं, शेवटपर्यंत हसत होती. तुझ्या भावाला सांगितलं, प्लांटमधल्या लोकांना सांगितलं, विमानाचे कागद करायला आलेल्या सोशल वर्करला सांगितलं. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बोट दाखवायचे, या होत्या सोबत. एवढ्या आधाराने सांगायचे की ते काढून घ्यायचं माझ्यानं झालं नाही. असं मी म्हणते. खरं म्हणजे मी घाबरले होते.

दहाव्या दिवशी ते दोघं तुला अकोल्याला पोचवून परत आले. मैत्रीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे, भाऊंची रजाही संपली होती. त्यानंतरच्या शुक्रवारी घरीच तुझं पुण्यानुमोदन केलं. तुझा हॉल तेवढासाच, त्यात मनामापासून बुसैतीनपर्यंतची तुमची सगळी माणसं, पांढऱ्या कपड्यांत, दाराशी चपलांचा ढीग आणि हलक्या आवाजातला जयभीम. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या. मलाही एक लावायला दिली. त्रिशरण म्हणताना माझे शब्द मागे पडत होते, तेव्हा शेजारच्या आजींनी माझा हात धरून मोठ्यानं म्हटलं, म्हणजे मला सापडावं. तू मला दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला बोलवायचीस आणि दरवर्षी माझ्या घरी कुणीतरी पाहुणे असायचे. एकदा तरी मी खरंच यायला हवं होतं.

लोक जेवायला बसले तेव्हा मी मैत्रीच्या खोलीत गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. आधी तिला, मग भाऊंना. ती पलंगावर बसली होती, मांडीवर भूमितीचं पुस्तक, उघडलेलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मावशी, आय हॅव टु टेल यू समथिंग. डोन्ट टेल बाबा."

आणि मग तुझी पोरगी मराठीत बोलायला लागली. तू दहा वर्षं मागे लागलीस तरी जी दोन वाक्यांपुढे गेली नाही, ती.

"मम्मीचा हात दुखत होता. घरी आली ना, तेव्हा. ती बोलली, मैत्री, जरा बाम लाव. मी लावला. पण मी एका हातानं लावत होती. दुसऱ्या हातात माझा फोन होता. ती बोलली, जोरात दाब. मी बोलली, मम्मी, मला अभ्यास आहे. मग मी सोडलं." तिनं पुस्तकाचा कोपरा दुमडला. "मावशी, फोन हातातच होता. मी सर्च केलं असतं तर?"

ती सोळा वर्षांची आहे सुजाता. तेवीस दिवसांतले चौदा दिवस ती हे घेऊन फिरत होती. विमानात, अकोल्यात, तुझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून. आणि ती हे घेऊन फिरत होती कारण मी व्हरांड्यात म्हणाले होते, छान होती, हसत होती. तिला वाटलं, हाताचं फक्त तिलाच माहीत आहे. माझं खोटं मी माझ्यापुरतं समजत होते. ते तिच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं.

एक वाक्य माझ्या तोंडाशी अगदी तयार होतं. बाळा, कुणालाच कळलं नसतं. म्हटलं असतं तर ती माझ्या कुशीत शिरली असती, दोघी रडलो असतो, आणि त्या वाक्यात मीही सुटले असते. मी ते गिळलं. मी म्हणाले, "मैत्री, तुझ्या आधी तिनं मला सांगितलं. स्टेडियममध्ये. हात भरून आला म्हणाली. मी म्हटलं, पेपर तपासून आला असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, समजलं नाही. मी पुन्हा सांगू लागले तर तिनं थांबवलं.

"यू टीच हार्ट," ती म्हणाली. "यू टॉट अस हार्ट."

"हो."

"अँड यू सेड पेपर्स?"

"हो. तिला घाम आला होता, मळमळत होतं. तेही मी बघितलं. मला कळायला हवं होतं. तुला नाही. तू फक्त बाम लावलास."

तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. तुझ्यासारखाच ताठ मणका करून बसली. मग म्हणाली, "गो."

मी बाहेर आले आणि स्वयंपाकघरात भाऊंना सांगितलं. ते पाण्याचं पिंप उचलत होते, ते खाली ठेवलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "ती घाबरली होती का?" मी म्हणाले, नाही, घाबरली नव्हती. हे खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि पिंप उचलून हॉलमध्ये नेलं. माझ्याशी ते नीट बोलतात. ताटावर बसवलं, भात वाढला. पण आता फोनवर कुणाला सांगताना माझ्याकडे बोट दाखवत नाहीत.

मैत्री बोलत नाही. शाळेत मला जिन्यावर बघून ती दुसऱ्या जिन्यानं गेली. माझ्या तासाला पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर बसते आणि खिडकीबाहेर बघते. मी हजेरी घेताना तिचं नाव घेते तेव्हा ती हात वर करते, ओ देत नाही. बाकीच्या मुली एकमेकींकडे बघतात. तिच्या वर्गशिक्षिकांनी मला सांगितलं की ती आता डबा खाते, मधल्या सुट्टीत मैत्रिणींत बसते, परवा कुणावर तरी जोरात ओरडलीसुद्धा. त्या काळजीत होत्या. मी नव्हते.

तुला हे पटणार नाही. तू म्हणशील, पोरीच्या मनात असा राग ठेवू नये, तिला जवळ घे, समजावून सांग, कुणाचीच चूक नव्हती म्हण. मी ते म्हणणार नाही. तिला कुणाचा तरी राग करायचाच आहे, सुजाता, आणि त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. स्वतःचा करण्यापेक्षा माझा करू दे. बोर्ड होईपर्यंत करू दे, कॉलेजला जाईपर्यंत करू दे, जन्मभर केला तरी मी जिन्यावर तिच्या वाटेत येणार नाही. या एका वादात मी ऐकणार नाही तुझं. पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.